बेळगावात पहिली गाडी: कागदपत्रांपासून आंबोलीच्या धुक्यापर्यंत

बेळगावात राहणाऱ्या गाडीवाल्याला अर्ध्या तासात शिनोळीला महाराष्ट्र लागतो आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. गाडी एकच, पण सरकारं तीन, आणि वाटेत सह्याद्री आडवा. त्यामुळे पुण्यात किंवा बेंगळुरात बसून दिलेले सल्ले इथं अर्धेच लागू पडतात. तिथल्या माणसाला कोल्हापूरच्या एमएच-०९ नंबरच्या गाडीचा मोह पडत नाही, नोव्हेंबरात रस्त्यावर डबल ट्रॉलीचा ऊस आडवा येत नाही, आणि जुलैत घरातून निघून नाश्त्याच्या वेळेला धुक्यातही शिरावं लागत नाही.

'गाडी घेतली की पहिल्याच रविवारी आंबोली' हा आपल्याकडचा रिवाज मला अजिबात पसंत नाही. आंबोलीला जायचंच आहे, पण शेवटी. आधी कागद, मग टायर-ब्रेक, मग गावातल्या गल्ल्या, आणि त्यानंतर सोप्याकडून अवघडाकडं जाणाऱ्या सहली. ठिकाणं त्याच क्रमाने लावली आहेत. प्रत्येक ठिकाणी पाहण्यासारखं काहीतरी आहेच, शिवाय प्रत्येक रस्ता हाताला एक नवी सवय लावतो.

पहिलं काम: गाडीचा नंबर कुठला?

बेळगावचा नंबर केए-२२, चिक्कोडीचा केए-२३, बैलहोंगलचा केए-२४, गोकाकचा केए-४९. नवी गाडी इथल्याच शोरूममधून घेतली तर प्रश्नच मिटला. लाइफ टॅक्स एकदाच भरला जातो आणि तो ऑन-रोड किमतीत धरलेला असतो. कर्नाटकात हा कर मोटारीच्या किमतीप्रमाणे साधारण १३ ते १८ टक्के, वर उपकर वेगळा. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, आणि इथंच जुन्या गाडीचा दलाल हळूच म्हणतो, "साहेब, गोव्याची गाडी दाखवू काय? एक नंबर कंडिशन, लाखभर रुपये कमी."

लाखभर का कमी, ते आधी समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला आणायचा, बेळगावच्या आरटीओत फॉर्म २७ ने नवा नंबर मागायचा, आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकचा लाइफ टॅक्स पुन्हा भरायचा. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, पण तो मागायला तुम्हालाच खेटे घालावे लागतात. हे सगळं बेरजेत धरून मगच 'स्वस्त' म्हणायचं. मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवल्यावर एमएच-०९ चा नाद सोडून केए-२२ घेणारे बरेच पाहिलेत.

चंदगड किंवा गडहिंग्लज तालुक्यात घर असून रोज नोकरीला बेळगावला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गाडी रात्री महाराष्ट्रातच मुक्कामाला असते. अशांनी घरच्या पत्त्याचा एखादा पुरावा गाडीत ठेवावा, नाक्यावर विचारलं तर बोलणं लवकर संपतं.

कॅम्पात किंवा सांबऱ्याला बदलीवर आलेल्या लष्करातल्या आणि केंद्र सरकारी नोकरांसाठी बीएच मालिका आहे. ती २०२१ मध्ये सुरू झाली. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांनाही ती मिळते. ज्यांना शक्य आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावी.

जुनी गाडी घेताना मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही, तो उतरवून घ्यावा लागतो. पैसे देण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका: बोजा, विम्याची मुदत, सगळं दिसतं. चलान मात्र दोन्ही राज्यांची तपासा. सीमेवरच्या गाडीवर कोल्हापूरच्या कॅमेऱ्याचं एखादं जुनं चलान चिकटलेलं असणं नवलाचं नाही, आणि गाडी तुमच्या नावावर झाल्यावर ते निस्तरत बसायची वेळ तुमच्यावर येते.

विमा आणि बाकीचे कागद

नव्या मोटारीला सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा असतो आणि बहुतेक वेळा तो वर्षाचाच असतो. ही दोन मुदती असलेली पॉलिसी लोकांना फसवते. 'तीन वर्षांचा विमा आहे' म्हणून दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जातं, आणि नेमका त्याच पावसाळ्यात फांदी पडते.

आपल्या भागासाठी दोन जोड-संरक्षणं घेण्यासारखी आहेत. एक झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे भरपाईतून सुट्या भागांचा घसारा न कापणारं, निदान पहिली काही वर्षं. दुसरं इंजिनचं. पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायचीच नाही, टोचन करून न्यायची. विमा असला तरीसुद्धा.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायला विसरू नका.

आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी हे सगळं डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. पण गोव्याच्या वाटेवर कणकुंबीच्या पुढं रेंज जाते, त्यामुळे फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक झेरॉक्स संच डॅशबोर्डच्या खणात टाका. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघायच्या आदल्या रात्री बघायचं. टोलनाके असे: धारवाडकडं हिरेबागेवाडी, कोल्हापूरकडं हत्तरगी आणि कोगनोळी, खानापूरकडं गणेबैल. राष्ट्रीय महामार्गावर वरचेवर जाणं असेल तर १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी २०० फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झालाय. सुरुवातीची किंमत ३००० रुपये होती. रोज कित्तूर-धारवाड करणाऱ्याला तो परवडतो, दिवाळीत एकदा कोल्हापूरला जाणाऱ्याने कशाला घ्यावा?

टायर, ब्रेक, वायपर

गाडीची काळजी हा विषय लोक इंजिन ऑइलपासून सुरू करतात. आपल्याकडं तो टायरपासून सुरू करावा.

टायरच्या बाजूला, बहुतेक लंबगोल चौकटीत, चार आकडी छाप असतो. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. जुन्या गाडीला 'नवीन टायर घातलेत' असं कुणी सांगितलं की वाकून हा आकडा वाचा, स्टेपनीचासुद्धा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो आणि ओल्या घाटात पकड सोडतो. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलीमीटर. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यात घाट करणाऱ्याने तिथपर्यंत थांबूच नये, मे महिन्यातच निकाल लावावा.

हवेचा आकडा टायरवरचा घ्यायचा नाही, तो कमाल मर्यादेचा असतो. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर जो स्टिकर दिसतो तो घ्यायचा, आणि टायर थंड असताना भरायची. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट पस्तीस भरतो, त्याला आकडा तुम्हीच सांगा.

घरच्या घरी एकदा स्टेपनी बदलून बघा. भर दुपारी, दारात, कुणी घाई करत नसताना. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करायचे, मग जॅक लावायचा. उलट केलं की चाक हवेत फिरत राहतं. घालताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकवल्यावर. शोरूममध्ये न्यूमॅटिक गनने आवळलेले नट पान्याने सुटत नाहीत, पायाने दाबावं लागतं. हे जांबोटीच्या जंगलात पहिल्यांदा कळण्यापेक्षा दारात कळलेलं बरं.

वायपरची रबरं दर मे अखेरीला बदला. किंमत किरकोळ, उपयोग जिवाचा. काचेच्या आतून वाफ धरते तेव्हा फडक्याने पुसत बसू नका. एसी लावा, हवा काचेकडं वळवा, रीसर्क्युलेशनचं बटण बंद करा, अर्ध्या मिनिटात काच मोकळी होते. आपल्या हवेत पावसाळ्यात एसी थंडाव्यासाठी नसतोच.

खानापूर-जांबोटीचा लाल चिखल आणि गोकाक-अथणीची काळी माती, दोन्ही गाडीच्या पोटाला चिकटतात. काळी माती वाळली की चाकाच्या आतल्या रिमला गोळा धरते आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक बॅलन्सिंग बिघडलं म्हणून धावत सुटतात, आणि नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने काम होतं. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तरी गाडी वर घेऊन खालून धुऊन घ्या.

उंदरांचा उपद्रव शहापूर-अनगोळच्या जुन्या घरांच्या बोळात असतो तसा नव्या कॉलन्यांतही असतो. बोनेटखाली वायरी कुरतडतात. तंबाखू, मिरची, फवारे असे शंभर उपाय लोक सांगतात. रोज गाडी हलवणं आणि गाडीत खाण्याचा कण न ठेवणं, एवढाच उपाय मला खरा वाटतो.

सर्व्हिसिंगचं म्हणाल तर वॉरंटी असेपर्यंत कंपनीत, नंतर उद्यमबागेत किंवा ऑटोनगरात चांगला मिस्त्री शोधा. चांगला मिस्त्री ओळखायची खूण एकच: तो आधी गाडी चालवून बघतो, मग बोनेट उघडतो. घाटातून आलेल्या गाडीच्या चाकाशी वाकून वास घेत एक जण गाडीवाल्याला विचारत होता, "ब्रेकवरच उतरलाय न्हवं ओ, दादा? गिअर कशाला दिलाय कंपनीनं?" अशा माणसाला सोडू नये.

गावात हात बसवणं

गल्ल्यांचं बेळगाव हीच एक शाळा आहे. गणपत गल्ली आणि खडेबाजारात संध्याकाळी गाडी घालायचीच नाही, नवख्याने तर नाहीच. कॉलेज रोडच्या बाजूला कुठंतरी लावावी आणि चालत जावं. बोगारवेस आणि चन्नम्मा सर्कलला दुचाक्या दोन्ही बाजूंनी येतात, तिथं डावा आरसा उजव्याइतकाच बघायची सवय लागते.

चढावर हाफ क्लचवर गाडी धरायला शिकायचं तर कपिलेश्वर उड्डाणपूल रविवारी सकाळी बरा. हँडब्रेक ओढून थांबायचं, क्लच सोडत गाडी थरथरली की हँडब्रेक खाली. मागे एकही इंच सरकायचं नाही. हे जमल्याशिवाय घाटाचं नाव काढू नका.

वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि अनंत चतुर्दशी या दोन दिवशी बाजारपेठेतली गाडी बाहेर निघत नाही, आदल्या दिवशीच लांब लावा. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्णसौधमध्ये भरतं, साधारण डिसेंबरात. त्या दिवसांत मोर्चे असतात, हलगा-बस्तवाडच्या बाजूला हायवे कधी तुंबेल सांगता येत नाही. आणि सीमाप्रश्नावर वातावरण तापलं की त्या दिवशी दुसऱ्या राज्याची पाटी घेऊन सीमा ओलांडायची नाही, एवढं साधं ठेवा. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकवर दगडफेक झाली होती. दोन दिवसांत सगळं निवळतं, काच मात्र फुटलेली असते.

रस्ता विचारायला चार कानडी शब्द पुरतात: 'एडक्के' डावीकडं, 'बलक्के' उजवीकडं, 'नेर' सरळ, आणि 'एष्टु दूर' म्हणजे किती लांब. गोकाक-सौंदत्तीकडं ते लागतातच. खानापूर तालुक्यात मराठीत विचारा, बिनघोर.

पहिली सहल: राजहंसगड

येळ्ळूरच्या वर, गावापासून पंधरा-सोळा किलोमीटर. छोटा, खडा चढ, वळणं मोजकी, आणि रस्ता थेट दरवाज्याजवळ जातो. वर सिद्धेश्वराचं मंदिर आणि २०२३ मध्ये बसवलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा. तटावरून सगळं बेळगाव दिसतं. सकाळी सातच्या आत जा, रविवारी दहानंतर वर गाडी वळवायलाही जागा उरत नाही.

इथं शिकायचं ते उतरणं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक टोचून टोचून वापरा, पाय दाबून ठेवू नका. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि शेवटच्या वळणावर पोकळ लागतो. न्यूट्रलमध्ये उतरवणं म्हणजे पेट्रोल वाचवणं असं अजूनही काही काका लोक ठामपणे सांगतात. वयाला मान देऊन ऐका आणि तसं मुळीच करू नका. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना इंजिन इंधन जवळजवळ घेतच नाही.

राजहंसगड दोनदा झाला की दुसऱ्या अंगाला देवरवाडीचं वैजनाथ आणि त्यावरचं महिपाळगड. ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. चढ तसाच, झाडी जास्त.

दुसरी: कित्तूर, हायवेसाठी

बेळगावपासून धारवाडच्या दिशेला पन्नासेक किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ४८. राणी चन्नम्मांचा किल्ला आणि वाड्याचे अवशेष, शेजारी वस्तुसंग्रहालय. २३ ऑक्टोबर १८२४ ला इथल्या लढाईत इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. मुलांना घेऊन जायला फार चांगलं ठिकाण.

रस्ता सरळ आहे, म्हणूनच सावध. लेन धरून चालवायची सवय इथं लावा. उजवी लेन ओव्हरटेकची, तिथं रमतगमत जायचं नाही. ट्रकच्या मागे गेलात आणि तुम्हाला त्याचे आरसे दिसत नसतील तर त्याला तुम्ही दिसत नाही. दुभाजकातल्या फटीतून उलट्या बाजूने दुचाकी येणार हे गृहीतच धरा. कोल्हापूरकडं जाल तेव्हा वंटमुरी आणि निपाणीजवळचा तवंदी घाट, दोन्ही रुंद आणि गुळगुळीत. अशा घाटात वेग कधी वाढला ते कळत नाही, अवजड ट्रक खालच्या वळणावर हळू झालेला असतो.

तिसरी: गोकाक, जुलै ते सप्टेंबर

अंकलगीमार्गे साठ-पासष्ट किलोमीटर. घटप्रभा इथं ५२ मीटर उडी घेते. धबधब्यावरचा झुलता पूल, गिरणीची जुनी दगडी वस्ती, आणि १८८७ पासूनच्या वीजनिर्मितीचा इतिहास. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी शेवटी घटप्रभेलाच मिळते, म्हणून वर घाटमाथ्यावर झोडपून पाऊस झाला की इथलं पाणी लाल-तपकिरी होऊन गर्जत कोसळतं. बेळगावात ऊन असलं तरी आंबोलीच्या पावसाची बातमी बघून गोकाकचा बेत ठरवावा. तिथून जवळच मार्कंडेय नदीवरचं गोडचिनमलकी आहे, शेवटचा टप्पा कच्चा आणि चालण्याचा. परतताना करदंट घ्या, डिंक आणि सुक्यामेव्याचा, गुळातला.

हाच रस्ता गळीत हंगामात, म्हणजे ऑक्टोबर अखेर ते मार्च, अगदी वेगळा होतो. ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. रात्री हेडलाइटमध्ये आधी काहीच दिसत नाही, आणि मग एकदम उसाची भिंत. चिक्कोडी, हुक्केरी, अथणी, निपाणी, गडहिंग्लज, सगळीकडं हेच. त्या महिन्यांत दिवस मावळल्यावर राज्य रस्त्यावर साठच्या वर जाऊ नका. ओव्हरटेक करताना एक ट्रॉली गेली की संपलं असं समजायचं नाही, दुसरी असतेच, आणि पुढं बहुधा आणखी एक ट्रॅक्टर.

चौथी: खानापूर, असोगा, हलशी

अरुंद रस्त्याची ही शिकवणी. खानापूरपर्यंत चांगला रस्ता, तिथून जवळच मलप्रभेकाठी असोग्याचं रामलिंग, डबा खायला निवांत. पुढं नंदगड, जिथं २६ जानेवारी १८३१ ला कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिली. तिथून हलशी. कदंबांची ही दुसरी राजधानी, आणि बाराव्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं मंदिर: एकाच मंडपाला दोन गाभारे, समोरासमोर. तासभर सहज जातो आणि गर्दी नावालाही नसते. पैसे खर्च करून लांबच्या देवळांना जाणारे बेळगावकर हलशी न पाहता राहतात याचं मला कायम नवल वाटतं.

एकेरी डांबरी रस्त्यावर समोरून एसटी किंवा कर्नाटकची सरकारी बस आली तर डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात. वेग कमी करून, स्टिअरिंग घट्ट धरून, हळू. पावसाळ्यात साइडपट्टी भिजलेली असेल तर उतरूच नका, थांबा आणि त्याला जाऊ द्या. लाल माती ओली झाली की चाक रुतून बसतं.

पाचवी: जांबोटी, कणकुंबी, आणि चोर्ला

जांबोटीजवळ हब्बनहट्टीचा मारुती मलप्रभेच्या पात्रातच आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जातो. मलप्रभेचा उगम पुढं कणकुंबीला, माऊलीच्या देवळाशी. पहिल्या वेळी इथूनच परता. दुसऱ्या वेळी चोर्ला उतरून साखळीपर्यंत जा.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम कायद्यातही आहे. आंधळ्या वळणावर हॉर्न, रात्री दिव्याची उघडझाप. वळणात ब्रेक मारायचा नाही, वळणाआधी मारायचा. धबधबा दिसला म्हणून वळणावरच गाडी लावणारे भेटतील, त्यांच्यात भर घालू नका.

गोव्यात पेट्रोल सहसा स्वस्त असतं, टाकी भरून परतायला हरकत नाही. बाटल्या मात्र नकोत. परवान्याशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि कणकुंबीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात. मित्राच्या पिशवीत काय आहे हेही मालकाला माहीत असावं, कारण जप्त होते ती गाडी तुमची.

अनमोड घाटाचा दुसरा रस्ता खानापूर-लोंढा-रामनगरवरून मोलेला उतरतो. तिथं अवजड वाहनं जास्त. जुलै २०२५ मध्ये गोव्याच्या बाजूला रस्ता खचला होता, त्यामुळे पावसाळ्यात निघण्याआधी वाहतूक चालू आहे का ते विचारून घ्या.

शेवटी आंबोली

शिनोळी, पाटणे फाटा, पुढं चंदगडच्या अंगाने, साधारण सत्तर किलोमीटर. वर्षाला ७००० मिलीमीटरच्या घरात पाऊस पडणारं गाव. मुख्य धबधबा सावंतवाडीकडं उतरताना घाटात लागतो. हिरण्यकेशीचं देऊळ आणि कावळेसाद गावाच्या आजूबाजूला. जुलै-ऑगस्टातले शनिवार-रविवार सोडा. मधल्या वारी गेलात तर तेच धबधबे, आणि मक्याचं कणीस भाजणाऱ्या मावशीशी बोलायलाही वेळ मिळतो.

धुक्यात हेडलाइट डिपरवर, म्हणजे झोत खाली. अप्परने पांढरी भिंत उजळते, पुढचं काहीच दिसत नाही. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ हीच वाटाडी. ती दिसेनाशी झाली तर ढाब्याच्या किंवा देवळाच्या आवारात पूर्ण आत घ्या, रस्त्याच्या कडेला नव्हे.

चारच्या पुढं वर थांबू नका. अंधार पडला की चंदगड पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात आणि तिलारीच्या बाजूला हत्तीही फिरतात. गवा दिसला तर हॉर्न नाही, लाइट डिपरवर, लांब थांबायचं. एक गेला की मागून कळप असतो. माकडांसाठी काचा वर ठेवा, खायला टाकू नका. अडचण आली तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ तिन्ही राज्यांत लागतात, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खालून धुऊन घ्या, पायाखालच्या मॅट उन्हात टाका, आणि गल्लीतल्या गल्लीत काच खाली करून एक फेरी मारा. ओल्या ब्रेकचा घर्रर्र आवाज दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर जातो. नाही गेला, किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आला, तर पॅड संपलेत. त्याच दिवशी उद्यमबाग गाठायची.